चंपतरावांच्या पडद्यावरचा मंगळ

नागपूरच्या सक्करदऱ्यात पत्रिका मांडणारे पुष्कळ, पण स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममधून कॉम्प्युटरवर मांडणारे एकटे चंपतराव. निवृत्त होताना त्यांनी ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर घरी आणला आणि तेव्हापासून गुरू-शनी त्यांच्याच हाताखाली आले. काळ्या पडद्यावर पत्रिकेची घरं उमटायची, ग्रह आपापल्या जागी बसायचे, आणि मंगळ लालभडक. तो सातव्या घरात दिसला की सोयरीक मोडलीच. कोणी कुरकुर केली तर चंपतराव म्हणत, “माणूस चुकते गा, मशीन नाही चुकत.”

यंदा त्यांना आधुनिक व्हायची हुक्की आली. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर जुना झाला म्हणून त्यांनी नवा टाकला. झालं! घरं उमटली, शनी बसला, मंगळ बेपत्ता. अख्ख्या नागपुराचा मंगळ एका फटक्यात उतरला.

चंपतरावांनी रॅम काढून खोडरबरने घासली, मॉनिटरची वायर हलवली, डबा उघडून ग्राफिक्स कार्डावरची धूळ फुंकली, शेवटी उदबत्तीही ओवाळली. मंगळ काही येईना.

घरात मात्र मुलीला, उन्नतीला, हायसं वाटलं होतं. तिला आणि तिच्यासोबत नोकरी करणाऱ्या विहंगला लग्न करायचं होतं, आणि मंगळ नेमका तिच्या सातव्या घरात ठाण मांडून होता. विहंगच्या आईची, पार्वतीबाईंची अट एकच: पत्रिका चंपतरावांच्या पडद्यावर पाहीन, मगच हो म्हणीन.

“बाबा, रविवारी त्या येऊन जाईपर्यंत राहू द्या नं तसंच. काहून हात लावून राहिले?”

“म्हंजे लोकायले फसवू का मी?” चंपतराव कडाडले. शिवाय अडलेल्या प्रोग्रामपुढे घरदार दिसेल तर ते चंपतराव कसले!

रविवारी सकाळी दोष सापडला. नव्या कंपायलरचा लाल रंग जुन्या कार्डाला कळतच नव्हता. ते लालच्या जागी काळं रंगवत होतं, म्हणून काळ्यावर काळा मंगळ. त्यांनी रंगाचा आकडा बदलला आणि खुशीत चहा मागितला. तेवढ्यात पार्वतीबाई दारात.

पत्रिका उघडली. सातव्या घरात मंगळ, लालभडक.

उन्नतीने बापाकडे पाहिलं. चंपतरावांना ते सोसवेना.

“बाई, हे... मशीन बिघडली आहे,” ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा म्हणाले, आणि तेही मशीन नीट झाल्यावर.

पार्वतीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“माह्या गोपिकाची सोयरीक याच मशीननं मोडली. पोरगी अजून घरी बसून आहे. तवा काहून नाही म्हटलं तुम्ही, मशीन बिघडली म्हणून?”

चंपतरावांची मान खाली गेली. “तवाही बिघडलीच होती,” ते कसंबसं म्हणाले.

पार्वतीबाईंनी उन्नतीला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला, लग्न कधी करायचं ते विचारलं. चंपतरावांशी मात्र त्या पुन्हा बोलल्या नाहीत.