यादीत राहिलेलं इंजेक्शन

"मागून काढ गं पोरी, मागून!" यादीतून काही काढायचं म्हटलं, की अण्णा खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनला नाक लावत. मला असा राग यायचा! उमरग्यात हायवेलगत त्यांचं दीड खोलीचं ऑफिस. दवाखान्यांच्या, दुकानांच्या वेबसाइट आम्ही दोघं बनवायचो. उभा जन्म टायपिंग शिकवलेला माणूस. वेबसाइटची भाषा, जावास्क्रिप्ट, पन्नाशीनंतर शिकला आणि शेवटपर्यंत तिला भीतच राहिला.

एकदा त्यांनी टेबलावर चहाचे पाच कप ओळीनं मांडले. "ही आपली अ‍ॅरे, म्हंजी ओळीनं लावल्याली यादी. म्होरून मोजत दुसरा उचलला, की तिसरा त्याच्या जागी सरकतो. तू मात्र तिसऱ्या जागी जातीस. सरकलेला बघायचाच ऱ्हातो. शेवटाकडून आलीस तर कुणी सुटत न्हाय."

"कळलं हो अण्णा," मी म्हणाले. डोंबल कळलं होतं.

पुढं एका खाजगी दवाखान्याची औषधांची यादी मी केली. मुदत संपलेलं औषध तिच्यातून आपोआप निघायला हवं होतं. एकेक औषध तपासत जाणारा लूप मी पुढूनच फिरवला. अण्णांनी विचारलं, "बघू का एकदा?"

"तुम्ही लई भिता, अण्णा." ते हसले आणि त्यांनी खुर्ची मागं घेतली.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, त्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, सापाच्या विषावरचं इंजेक्शन स्क्रीनवर दिसतंय म्हणून साप चावलेल्या जळकोटच्या बाईला इकडं बोलावलं. कपाटात बघते तर मुदत संपलेलं! बाई दारात गाडीतच आहे, पाय सुजून काळा पडलाय हो तिचा."

मी घाईनं यादी उघडली. यादीत मुदत संपलेली दोन औषधं लागोपाठ होती. पहिलं निघालं, दुसरं त्याच्या जागी सरकलं, आणि माझा लूप पुढं निघून गेला. अण्णांनी फोन हिसकावला. "गाडीतनं उतरवू नका तिला! सरकारी दवाखान्यात न्या. म्या इचारून ठिवतो." त्यांनी लगेच तिथं फोन लावला. इंजेक्शन होतं.

मग दोन तास काहीच कळेना. मेली तर? दुसरं काही सुचत नव्हतं. अण्णा कानडीत देवाचं नाव पुटपुटत होते. मला रडायचीसुद्धा भीती वाटत होती.

बाई वाचली. दोन दिवसांनी आम्ही बघायला गेलो, तर तिनं पडल्या पडल्या हात जोडले. "तुमी धावपळ केली म्हनून जगले, बाबा."

"न्हाय बाई," अण्णा म्हणाले, "यादी म्या केल्ती. चूक माझी हाय."

तिचा नवरा नको नको ते बोलला. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं, पण भीतीनं शब्दच फुटेना.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ती बाई अधूनमधून बाजारात भेटते, ओळख देते. "त्या म्हाताऱ्यानं मारलंच हुतं की मला," म्हणते.

आणि मी मेली अजून नुसती मान हलवते.