बाबा कशात नीट दिसतेत

लातूरला टॅब विकणारा तो माणूस एका जागी उभा राहत नाही. दोन टॅब शेजारी ठेवतो, बाहीनं काच पुसतो, पुन्हा त्यांची अदलाबदल करतो. "ह्याची बॅटरी लई टिकती, त्याचा आवाज मोठा हाय," म्हणतानाही पाय हलतच असतो. त्याचं ऐकून माझंच ठरेना, म्हणून मी रोज जात होतो.

परवा मुखेडचे एकजण हॉस्टेलला निघालेल्या लेकीला घेऊन आले. यानं त्यांना फोन घेऊन रस्त्यावर पाठवलं आणि आळीपाळीनं दोन्ही टॅबवरून व्हिडिओ कॉल लावला. "सांग पोरी, बाबा कशात नीट दिसतेत?" तिनं बोट ठेवलं. "मग ह्योच न्या."

मीही लगेच घरासाठी तोच घेतला. माझा मुलगा हॉस्टेलवरून रोज बोलतो, कॅमेरा बंद ठेवून.