भावजी घाबरत घाबरत गोल करायचे

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका भित्रा माणूस त्या काळी बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत शोधून सापडला नसता, आणि तेवढ्याच पट्ट्यात त्यांच्याइतके गोल करणाराही दुसरा कुणी नव्हता. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या फुटबॉल संघात ते सेंटर फॉरवर्ड होते. कागदोपत्री त्यांची नेमणूक स्टोअरमध्ये होती. पण कुठले बोल्ट कुठल्या फडताळात असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कुणी त्यांना विचारतही नसे. साहेबांनी त्यांना गोल करायला ठेवलं होतं. गोल थांबले की नोकरी जाणार आणि नोकरी गेली की बुवापाड्यातल्या दोन खोल्या जाणार, हे भावजी रोज सकाळी दात घासता घासता अक्काला सांगत. मीही त्यांच्याकडेच राहून त्याच कारखान्यात कारकुनी करत होतो, त्यामुळे दात घासताना मलाही धडकी भरे.

भावजींच्या भीतीला धरबंध नव्हता. पाल, कुत्रं, इंजेक्शन, तार घेऊन येणारा शिपाई, डावा डोळा फडफडणं, सगळ्याला ते घाबरत. चेंडूची चामडी वादी कपाळाला कापून धनुर्वात होईल म्हणून ते चेंडू कधी डोक्यावर घेत नसत. चेंडू अंगावर आला की ऐनवेळी मान काढून घेत. मागचा फुलबॅक फसायचा, आणि काय सुंदर चकवलं म्हणून लोक टाळ्या वाजवायचे. एकदा वांगणीला सामना रंगात आला असताना कुणाचा तरी बैल सुटून मैदानात घुसला. भावजी जे पळत सुटले ते चेंडूसकट गोलात जाऊन थांबले. पंच तोवर झाडावर चढलेले असल्यामुळे तो गोल धरायचा की नाही हा वाद पुढे कित्येक महिने चालला. मी त्यांना एकदा विचारलं होतं की तुम्ही इतकं जोरात पळता तरी कसे. ते म्हणाले, "मागून येणाऱ्या फुलबॅकच्या बुटांचा आवाज ऐकलायस कधी? मी गोलकडे पळतच नाही रे. मी त्याच्यापासून लांब पळतो. गोल वाटेत येतो."

पण सगळ्यात जास्त ते घाबरायचे उल्हासनगर कॅम्पातल्या संघाच्या गोलकीपरला. तो फाळणीनंतर सिंधहून आईला घेऊन आलेला तरुण. बराकीत राहायचा, बाजारात कापड विकायचा, आणि आम्ही सगळे त्याला साईं म्हणायचो. एरवी माणूस लोण्यासारखा, पण समोरून कुणी चेंडू घेऊन आला की असा ओरडत धावून यायचा की भावजी डोळेच मिटून घ्यायचे.

त्या रविवारी कॅम्पाच्या मैदानावर सामना बरोबरीत होता आणि पाचच मिनिटं उरली होती. भावजी एकटे पुढे निघाले. साईंने जागा सोडली आणि सरळ त्यांच्या पायांवर झेप घेतली. भावजींनी डोळे मिटून लाथ मारली. चेंडू गोलात गेला आणि त्यांचा गुडघा साईंच्या कानशिलावर बसला. आमची माणसं नाचायला लागली. मग एकेक जण नाचायचा थांबला. साईं उठत नव्हता.

कॅम्पातलं इस्पितळ म्हणजे मिलिटरीची एक जुनी बराक. तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर भावजी तीन दिवस बसून होते, आणि कारखाना सुटला की मी. पहिल्या दिवशी ते सारखे विचारत, "माणूस गेला तर मला धरतील का रे?" दुसऱ्या दिवशी हा प्रश्न बंद झाला. "तो उठेल ना?" एवढंच मधूनमधून म्हणत. भावजी स्वतःबद्दल घाबरेनासे झालेले मी प्रथमच पाहिले. डॉक्टर आत जाई, बाहेर येई, आमच्याकडे बघत नसे. साईंची आई दाराशी भिंतीला टेकून बसलेली असे. गुडघा कुणाचा हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. तिने एकदा नुसतं नाव विचारलं तरी भावजी उठून नळावर पाणी प्यायला गेले. दुसऱ्या संध्याकाळी ती डब्यातला कढीभात घेऊन त्यांच्यासमोर आली.

"खा ले. कल से कुछ खाया नहीं तूने."

"नको अम्मा. भूक नहीं."

"मेरे को मालूम है घुटना तेरा था," ती म्हणाली. "खा. तू भी गिर पडेगा तो मैं किस किस के पास बैठूँ?"

भावजींनी डबा घेतला. पहिल्याच घासाला अर्धा भात सदऱ्यावर सांडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी साईंने डोळे उघडले. आईला ओळखलं, मला ओळखलं, भावजींकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "गोल हुआ?"

"नहीं साईं," भावजी म्हणाले. "तूने पकड लिया." इतकं सरळ, न अडखळता बोललेलं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर भावजी सहा सामने खेळले. चेंडू घेऊन गोलपर्यंत जात आणि गोलकीपर पुढे आला की उभे राहत. शेवटी साहेबांनी बोलावलं. काचेच्या दाराबाहेर मी उभा होतो, घरातली भांडी कुठल्या पोत्यात भरायची याचा विचार करत. आतून भावजींचा आवाज आला, "साहेब, आधी माझ्या हाडांची भीती वाटायची, त्यात पळता यायचं. आता समोरच्याच्या हाडांची वाटते. त्यात पाय उचलत नाही." मग साहेब म्हणाले, "स्टोअरचं काम येतं?"

"नाही साहेब."

"मग शिका."

ते शिकले, आणि त्याच स्टोअरमधून रिटायर झाले. बाजारातल्या दुकानात साईं गिऱ्हाइकांना आपण अडवलेल्या त्या गोलची हकीकत सांगायचा. दरवर्षी ती लाथ जास्त जोरदार होत गेली. भावजी कापडाच्या तागांना टेकून चहा पीत ऐकत आणि मान हलवत. परत येताना मी एकदा विचारलं, "त्याला खरं माहीत नाही का?"

"आठ दिवसांतच कळलं होतं त्याला. सांगायला बरं वाटतं त्याला. आणि मला ऐकायला."

भावजी गेले त्या दिवशी साईं सगळ्यांच्या आधी आला आणि सगळ्यांच्या नंतर निघाला. उंबऱ्याशी चपला घालता घालता थांबला आणि अक्काला म्हणाला, "भाभी, वो गोल था."