बेलबॉटम आणि द्राक्षाचा घड

आता काय सांगू तुम्हाला, हातातला चहा आधी खाली ठेवा! ठसका लागला तर बोल माझ्यावर यायचा. आणि हसणार असाल तर हळू हसा, आत ऐकू जातं.

बेलबॉटमचा जमाना होता हो. माझ्या पँटचा घोळ एवढा मोठा, की मी चाललो की रस्ता झाडून निघायचा! तशात मामानं दौंडकडचं स्थळ आणलं. भीमेकाठी द्राक्षाची बाग असलेले आप्पा, आणि त्यांची मुलगी कुसुम.

"आलोच आहोत तर पेडगावचा किल्ला बघू," गाडीतून उतरताच मामा म्हणाला. दौंडला भाड्याच्या सायकली घेतल्या, नावेत घातल्या, नदी ओलांडली. पडक्या भिंती, बाभळी, चिटपाखरू नाही.

मामानं आवाज खाली आणला. "इथं एक शिपाई आहे म्हणतात. दिसत नाही. आपण चाललो की मागून चालतो. थांबलो की थांबतो."

"मामा, मी सायन्सचा माणूस!" मी म्हणालो. वर खोखो हसलोसुद्धा. हसायला नको होतं.

नदी ओलांडून परत अलीकडे आलो, आप्पांकडे पोहे झाले. कुसुमनं बशी ठेवताना एकदाच वर बघितलं आणि मी खलास! हे स्थळ हातचं गेलं असतं ना, तर मी जन्मभर खाणावळीत जेवलो असतो.

आप्पा म्हणाले, "आमच्यात रीत हाय पाव्हणं. बागंत एकट्यानं जायाचं, आपल्या हातानं घड तोडून आणायचा. मग आमी व्हय का न्हाई ते सांगतो."

एवढंच ना? निघालो.

टळटळीत दुपार, पण वेलींच्या मांडवाखाली शिरलो आणि दिवस मावळल्यासारखं झालं. हिरवा अंधार. वाकून चालायचं. डोक्यावर घडच घड, पण एक पाखरू नाही. पिकल्या बागेत पाखरू का नसावं? वारा पडलेला. माझाच श्वास मला ऐकू येत होता.

दोन पावलं टाकली. मागं लांबवर आवाज झाला. खडखड.

थांबलो. आवाज थांबला.

"कोण आहे?"

एक पाऊल टाकलं. खड. उभा राहिलो. शांत. मानेवर सरसरून काटा आला. नदी ओलांडून आला की काय हा? सायकलीमागं बसून? सायन्स कुठल्या कुठं पळालं! आणि तेवढ्यात पायाला कुणीतरी मागून धरलं. खरंच धरलं हो, ओढ लागत होती!

हाताला आलं ते ओरबाडलं आणि धूम ठोकली. मी जोरात, तर तोही जोरात! खडखड खडखड, एक नाही, अख्खी पलटण मागं! "मामाऽऽ! शिपाई आलाऽऽ!" असा बोंबलत थेट अंगणात पोहोचलो आणि पोह्यांच्या पातेल्याशेजारी पालथा पडलो.

मी मागं बघितलं. माझ्या मागं सुतळीला ओवलेली रॉकेलच्या डब्यांची लांबलचक माळ अंगणभर पसरली होती. पाखरं उडवायला बागेतून फिरवलेली! घरात बसून ओढायची सोय. तिच्या टोकाचा तारेचा आकडा माझ्या बेलबॉटमच्या घोळात अडकला होता. आणि मुठीत घड नव्हता, नुसता पाला होता.

मामा तोंडात रुमाल कोंबून बसला. आप्पा मात्र गंभीर. "पाव्हणं, घड न्हाई आणला तुम्ही."

संपलं, मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात दाराआडून कुसुम बोलली, "आप्पा, व्हय म्हणा की. राखणीला माणूस मिळंना म्हणून तुमीच कवाधरनं पाखरं हाकत हिंडताय. ह्यांच्या एका वरडण्यानं शेजारच्या बागंतली पाखरंबी उठली!"

नोकरी, पगार, पत्रिका, कुणी काही विचारलंच नाही. लोक नवरा म्हणून पसंत पडतात. मी बुजगावणं म्हणून पसंत पडलो!