पेंढा जळाला नव्हता

चुरी सर गेल्याची बातमी शाळेच्या ग्रुपवर आली तेव्हा मधली सुट्टी होती. तिच्या वरच निवडणुकीच्या ड्यूटीची यादी होती आणि मी आधी तीच वाचली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, डहाणूच्या राहत्या घरी, सकाळीच ते गेले. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. सतरा वर्षं शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी होती.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला एकच गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी, भात झोडून झाल्यावरच्या दिवसांत, भरदुपारी आकाशात मोठा आवाज झाला. तलासरीकडचे म्हणाले सुरुंग, वेवजीची माणसं म्हणाली पलीकडे गुजरातेत काही फुटलं. दोन दिवसांनी नववीतल्या कल्पनाची आजी, जानकीबाई, सायवनहून एसटीने शाळेत आली. फडक्यात मुठीएवढा काळा दगड होता. आवाजानंतर तो अंगणातल्या पेंढ्यावर पडला, असं तिचं म्हणणं. सरांनी तिला वर्गाच्या दारापाशी उभं ठेवूनच विचारलं, पेंढा जळाला का?

"नाय सर. दगड थंडच लागला हाताला."

सर हसले. आकाशातला दगड पेटत येतो, हा खडीच्या गाडीतला असणार, असं त्यांनी वर्गाला सांगितलं. वर्गही हसला. जानकीबाईने फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि ती गेली. मुलं कल्पनाला 'खडी' म्हणू लागली. आठवड्याभराने तिने शाळेत येणं बंद केलं.

महिन्याभराने सर पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आले. उल्का प्रचंड वेगाने येते, पुढची हवा दाबली जाऊन तापते, दगडाची वरची साल वितळून उडते... आणि त्याच हवेच्या अडवण्याने वेगही संपतो. जमिनीच्या खूप वरच आग विझते. लहान दगड उरलाच, तर माडावरून नारळ पडावा तसा तो साधा पडतो, आतून थंडच. "बाई, ती आजी खरं सांगत होती की नाही, हे मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण मी तिला खोटं पाडलं ते चुकीच्या कारणाने."

रविवारी आम्ही दोघं सायवनला गेलो. जानकीबाई वाल निवडत होती. सरांनी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, कल्पना दारातून ऐकत होती. सरांनी दगड मागितला, तेव्हा जानकीबाई शांतपणे म्हणाली, "तुम्हीच खडी बोललात. ओट्याच्या भरावात टाकला." वर सिमेंट झालं होतं. ओटा फोडू का, असंही तिने विचारलं. सर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात स्वतःची चूक सांगितली, फळ्यावर आकृती काढून, कुठलीही सबब न सांगता. कल्पना त्या दिवशी आली नव्हती. गुरुवारी आली. तो दगड काय होता, हे कुणालाच कधी कळलं नाही.

सर जाऊन आता तीन आठवडे झाले. प्रयोगशाळेत नवे सर आलेत. चुरी सरांच्या तिथल्या टेबलाला लागून एक जादा खुर्ची आहे, ती येण्याजाण्याच्या वाटेत येते. ही इथे कशाला, असं नव्या सरांनी परवा मला विचारलं. चुरी सरांनी ती सायवनहून आल्यावर ठेवली होती, मी सांगितलं. कोणी काही दाखवायला घेऊन आलं, तर बसायला.