शांततेला घाबरणारा निवेदक

आमचे सासरे गप्प बसले, तर घरातल्यांना त्यांचा ताप बघावासा वाटतो. उभा जन्म त्यांनी टीव्हीवर गाणी, जादू, नकला असल्या सरमिसळ कार्यक्रमाचं निवेदन केलं, तेही थेट प्रक्षेपणात. जादूगाराचं कबूतर पेटीतून निघेना किंवा गायिकेचा घसा बसला, की कॅमेरा यांच्यावर. मग हे बोलत सुटायचे. क्षणभर जरी शांतता पडली तरी यांना दरदरून घाम फुटे.

कॅमेऱ्याशेजारून खुणा करणारी एक बाई होती. तिनं हात ताणले की ‘लांबवा’, गळ्यावरून बोट फिरवलं की ‘थांबा’. हे फक्त तिचंच ऐकायचे. पुढे तिच्याशीच लग्न केलं. त्या माझ्या सासूबाई.

निवृत्तीनंतर सासऱ्यांचा पाय घरात टिकेना. लिफ्टमध्ये सापडेल त्या शेजाऱ्याची मुलाखत घ्यायचे. त्यातच सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली.

“शब्द त्यांचा त्यांना सापडू द्या,” बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. “तुम्ही पुरवलेत, तर त्या प्रयत्नच सोडतील.”

यांनी मान डोलावली. पण सासूबाईंनी “खि...” म्हणायचा अवकाश, “खिडकी ना? गारठा आहे, लावतो,” म्हणत हे उठलेच. मी चिडलो, बायको रडली. खोलीबाहेर काढलं, तर हे दाराआडून शब्द पुरवू लागले. हळूहळू सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या. मला तर सासऱ्यांचा रागच यायचा.

काल सकाळी त्या पुन्हा वळल्या. “खि...”

“लावतो, लावतो.” सासरे उठले.

सासूबाईंनी धड असलेला डावा हात उचलला आणि गळ्यावरून बोट फिरवलं.

सासरे होते तिथेच थांबले. खोलीत चिडीचूप. त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ गच्च आवळलेले. आता फुटतील, मग फुटतील, असं मला वाटत राहिलं.

“खिड...की,” सासूबाई म्हणाल्या. मग बराच वेळ काहीच नाही. “उघ...डा.”

इतके महिने हे खिडकी लावतच आले होते. त्यांनी ती सताड उघडली आणि वळले. चेहरा पार उतरला होता.

“बाबा,” मी म्हणालो.

माझ्याकडे न बघता त्यांनी स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं. सासूबाईंचे ओठ पुन्हा हलत होते.