टकळी कुठे गेली

आमच्या लॉन्ड्रीत दोघी होत्या, घुमी आणि टकळी. ही नावं मीच ठेवली, आणि आता त्यांची खरी नावं विचारली तर मलाही क्षणभर थांबावं लागतं. दोघी एकोणीस वर्षांच्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी. हॉटेलांच्या चादरी वाळल्या की समोरासमोर उभ्या राहून टोकं धरायच्या, झटकायच्या, घडी घालायच्या. सकाळी शटर वर गेलं की टकळीचं तोंड सुरू. घुमी ऐकायची. घुमीच्या घरी बाप रात्रपाळीचा पहारेकरी, दिवसा झोपलेला, त्यामुळे तिथे लहानपणापासून सगळं खुणांवर चालायचं. "हं" आणि "धर" याखेरीज तिच्या तोंडून काही निघालं, तर मी मशीन बंद करून ऐकायला यायचे.

टकळीच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळेच म्हणायचे. कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, सारं आम्हाला तिच्याकडूनच कळायचं. म्हणून एक दिवस ती कामावर आली नाही आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊच तिला शोधत दारात उभा राहिला, तेव्हा मला आधी रागच आला. जायचं तर सांगून जावं की नाही! जगाच्या चौकशा करणारी ही बया, स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नाही.

भाऊ दिसायला सज्जन. कडक इस्त्रीचा शर्ट, मधाळ बोलणं. आई गेल्यापासून घरात तो, त्याची बायको आणि टकळी. "मावशी, काळजीने जीव थाऱ्यावर नाही हो," म्हणाला. मला त्याची दया आली. घुमी मात्र तो दिसला की चादरींच्या ढिगामागे सरकायची. मला वाटलं, बुजरी आहे.

शोधाशोध सुरू झाली. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, येईल आपणहून. घुमी काम सुटलं की मुलींची वसतिगृहं, शिवणाचे कारखाने, बेकऱ्या पालथ्या घालायची. फोटो एकच, शाळेतला, त्यात टकळीचा चेहरा वाटाण्याएवढा. म्हणून विचारायची, "खूप बोलणारी मुलगी आली आहे का हो?" मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच विचारायचे. सगळ्यांचं उत्तर एकच, नाही.

लॉन्ड्रीत आता चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे आलं. कंबर धरली, डोकं फिरलं. "सारखी दाराकडे काय बघतेस? घडी वाकडी येतेय!" मी ओरडायचे. दाराकडे मीही बघत होते, ही गोष्ट वेगळी. रस्त्यावर कोणाची चप्पल वाजली तरी दोघींचे हात थांबायचे.

अशातच साबणाची पोती घेऊन टेम्पोवाला आला. पोती उतरवता उतरवता म्हणाला, "सगळ्याच पोरी काही तुमच्या टकळीसारख्या नसतात, मावशी. पुलापलीकडच्या इस्पितळात चादरी धुवायला एक नवी आली आहे. ढिम्म! नाव विचारलं तरी तोंड उघडत नाही. मुकीच म्हणतात तिला."

"ती दे मला," मी म्हटलं. "आणि माझी शोधून आण."

घुमीच्या हातातलं टोक सुटलं, चादर जमिनीवर लोळली. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "मावशी, भाऊ न्यायला आला की ती काय करायची?"

मी आठवून पाहिलं. भाऊ दारात दिसला की टकळी बोलता बोलता मध्येच थांबायची. मान खाली घालून चप्पल शोधायची. आम्ही म्हणायचो, मोठ्या भावाचा धाक आहे, चांगलं आहे. आणि वाफेने आम्ही सगळ्या भाजून निघत असताना तिच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या. मला ती फॅशन वाटायची. कपाळ माझं!

"घाबरली की ती बोलत नाही," घुमी म्हणाली. "आपण बोलणारी शोधत बसलो."

एप्रन माझ्या हातात कोंबून ती गेली. विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली आणि कामाला लागली. "काय झालं?" विचारलं तर तिने चादरींचा ढीग पुढे ओढला. माझा जीव खालीवर. तेवढ्यात भाऊ आला आणि आज थेट तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काय गं, काही कळलं?"

"कळलं ना, दादा! बरं झालं आलात, मीच येणार होते तुमच्याकडे. स्टँडवर ती फळवाली नाही का, चष्मेवाली? तिने पाहिलं टकळीला. बंदराच्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये, खिडकीशी. हातात निळी पिशवी, आणि बडबड तर काय विचारू नका, कंडक्टरने कानात बोटं घातली म्हणे! तिकडे बोटींवर कामं मिळतात असं सांगत होती सगळ्यांना. तुम्ही इकडे उगाच पायपीट करताय, दादा. तिकडेच बघा ना!"

मी इस्त्री उचलून धरली ती तशीच. वर्षभरात मिळून ती एवढं बोलली नसेल. त्याच क्षणी मला कळलं, टकळी सापडली आहे.

भावाने माझ्याकडे मान वळवली. "खरं का, मावशी?" आवाजातला मध संपला होता.

खोटं बोलणाऱ्यांना मी कामावरून काढलेलं आहे. "तर काय," मी म्हटलं. "फळवालीने मलाही सांगितलं. गर्दी नको करू, काम पडलंय."

तो गेला. घुमी चादरींच्या ढिगावर बसली.

"भेटली ना?" मी हळूच विचारलं.

तिने हो म्हणून मान हलवली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. माझ्याशीसुद्धा बोलली नाही, मावशी." आणि तिचा बांध फुटला. "मग मीच बोलत बसले. काय बोलले तेही आठवत नाही. ती ऐकत होती." नाक पुसून म्हणाली, "आज लवकर जाऊ?"

"जा," मी म्हणाले. "पण मागच्या दाराने जा."